ऐन रंगात थिजणारा संगणक

गेम खेळताना संगणक हँग व्हायला लागला की आपल्याकडे तीन सल्ले हमखास मिळतात. विंडोज फॉरमॅट मारा. रॅम काढा, तिचे सोनेरी पाय खोडरबराने पुसा आणि पुन्हा बसवा. नाहीतर मग ग्राफिक कार्ड गेलं असणार, नवीन घ्या. पहिल्या सल्ल्यात रविवार जातो, तिसऱ्यात महिन्याचा पगार. तिन्ही सल्ले कधी ना कधी खरे ठरलेले आहेत, म्हणून तर ते टिकून आहेत. पण देणाऱ्याने एक प्रश्न विचारलेला नसतो: हँग झाला म्हणजे नेमकं काय झालं?

हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण गेल्या काही वर्षांत या एकाच तक्रारीच्या मुळाशी निघालेल्या गोष्टी एकमेकींपासून फार लांबच्या होत्या. कधी इंटेलचा प्रोसेसर आतून झिजत होता. कधी बायोसच्या चिपशी चाललेला सुरक्षेचा व्यवहार मध्येच रेंगाळत होता, कधी विंडोजच्या अपडेटचं आणि एखाद्या गेमचं जमत नव्हतं, तर कधी कार्डावरचं डाखकामच कच्चं होतं. आणि बऱ्याचदा पडद्यावरच्या संदेशात ज्याचं नाव आलं, तो भाग निर्दोष होता. ओरडतो एक आणि दोष असतो दुसऱ्यात. हे एकदा मनात पक्कं केलं की निम्मा खर्च वाचतो.

दिवसभर एक्सेल आणि यूट्यूब सुरळीत चालतं, मग गेमच का अडकतो? कारण कार्यालयीन कामात संगणकाचा फार थोडा भाग राबतो. गेम मात्र प्रोसेसर, ग्राफिक कार्ड, रॅम आणि एसएसडी अशा सगळ्यांना एकदम कामाला लावतो. शिवाय हा भार एकसारखा नसतो. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर प्रत्येक चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. एका चित्रात रिकामं आकाश असतं, पुढच्यात स्फोट, धूर आणि पन्नास शत्रू. विजेची मागणी, चिपचा वेग आणि तापमान ही तिन्ही क्षणोक्षणी वरखाली होत राहतात. त्यामुळे ‘यूट्यूब नीट चालतं’ हा मशीन ठणठणीत असल्याचा पुरावा नाही. तासभर एकसारखा भार टाकणाऱ्या चाचणीत पास झालेलं मशीनही गेममध्ये अडकू शकतं.

हँग होण्याच्या तऱ्हा मात्र वेगवेगळ्या आहेत आणि निदानाची खरी किल्ली तिथे आहे. चित्र अर्धा-पाऊण सेकंद अडखळून पुढे जात असेल, तर सहसा काही बिघडलेलं नसतं. गेमची खिडकी थिजली पण ऑल्ट-टॅब करून बाहेर पडता येतं, तर विंडोज जिवंत आहे आणि गेमचा कार्यक्रम तेवढा अडकलाय. खिडकीने पाच सेकंद प्रतिसाद दिला नाही की विंडोज तिच्यावर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ची पाटी लावतं. तिसरी तऱ्हा म्हणजे पडदा काळा होतो किंवा चित्र गोठतं, पण डिस्कॉर्डवर मित्रांचं बोलणं चालू राहतं. इथे संशय ग्राफिक कार्डावर किंवा त्याच्या ड्रायव्हरवर जातो. व्हिस्टापासून विंडोजमध्ये यासाठी एक पहारेकरी बसवलेला आहे. कार्डाने दिलेलं काम दोन सेकंदांत उरकलं नाही, तर ते अडकलं असं समजून विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करतं. आपल्यालाही हे हाताने करून पाहता येतं. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या कळा एकत्र दाबल्या की ग्राफिक ड्रायव्हर नव्याने उभा राहतो. चित्र परत आलं तर तपासाची दिशा ठरली.

चौथी तऱ्हा सर्वांत वाईट. सगळं जागच्या जागी थिजतं आणि स्पीकरमधून ‘टर्रर्र’ असा एकच तुकडा वाजत राहतो. आवाजासाठी राखलेल्या स्मृतीत शेवटचा तुकडा उरलेला असतो आणि नवा भरायला प्रोसेसर हलत नसतो, म्हणून ध्वनीचं यंत्र तोच घोळवत बसतं. अशा वेळी कीबोर्डवरची नम लॉक दाबून पाहावी. दिवा लागत-विझत असेल तर विंडोजचा गाभा अजून शुद्धीवर आहे. दिवा हलत नसेल तर दोष बहुधा हार्डवेअरच्या पातळीवर आहे आणि फॉरमॅट मारून हाती काही लागण्याची शक्यता कमी. आणि पीसी हँग न होता सरळ बंद पडून पुन्हा सुरू होत असेल, तर ते वेगळंच प्रकरण आहे. तिथे आधी वीजपुरवठ्याकडे पाहायचं.

विंडोज या सगळ्याची नोंद ठेवतं, पण ती नोंद वाचताना एक चूक इतकी सार्वत्रिक आहे की ती इथे सांगतोच. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ ही लाल ओळ दिसली की लोक ‘पॉवर’ हा शब्द वाचून एसएमपीएस बदलायला धावतात. या ओळीचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झालं नव्हतं. तुम्ही हँग झालेला पीसी बटण दाबून बंद केलात तरी हीच ओळ येते. कामाच्या नोंदी वेगळ्या. ‘व्हीया-लॉगर’ या नावाखाली १८ क्रमांक असेल तर हार्डवेअरनेच आपली घातक चूक कळवलेली आहे. तिथेच १७ क्रमांकाच्या नोंदींचा पाऊस असेल तर ग्राफिक कार्ड किंवा एसएसडी ज्या पीसीआय एक्सप्रेस मार्गावर आहे, त्यात चुका होत आहेत. कार्ड उभं लावायला वापरलेली जुनी रायझर केबल हे त्याचं नेहमीचं कारण. १२९ क्रमांकाची ‘रीसेट टू डिव्हाइस’ ही नोंद म्हणजे डिस्कने वेळेवर उत्तर दिलं नाही. ज्यांना एवढं खोलात जायचं नाही त्यांनी रिलायबिलिटी मॉनिटर उघडावा. तारीखवार काय कोसळलं ते तिथे एका नजरेत दिसतं, आणि बिघाड ज्या दिवशी सुरू झाला त्याच्या आदल्या दिवशी काय इन्स्टॉल झालं होतं तेही.

ओरडणारा एक आणि दोषी दुसरा, याचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे प्रोसेसर. आय-९ १३९००के ऑक्टोबर २०२२मध्ये आला, १४९००के वर्षभराने. अनरिअल इंजिनवर बनवलेले गेम सुरू करताना काही जणांना संदेश यायला लागला: व्हिडिओ मेमरी संपली. चोवीस गिगाबाइट मेमरीचं कार्ड असलेल्यालाही हाच संदेश. साहजिकच लोकांनी कार्डं बदलली, ड्रायव्हर बदलले, गेमच्या कंपन्यांना शिव्या घातल्या. मूळ दोष प्रोसेसरमध्ये होता. गेमची माहिती डिस्कवर दाबून ठेवलेली असते आणि सुरू होताना प्रोसेसर ती उलगडतो. हे काटेकोर गणित आहे. चित्रात एखादा बिट चुकला तर एक ठिपका चुकीचा दिसेल आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही. उलगडण्यात बिट चुकला तर पुढचं सगळं कोसळतं. हे उलगडण्याचं ‘ऊडल’ हे तंत्र बनवणाऱ्या रॅड गेम टूल्सने २०२४च्या सुरुवातीला उघडपणे सांगितलं की दोष आमच्या तंत्रात नाही, गेममध्येही नाही, काही प्रोसेसर चुकीची उत्तरं देत आहेत. पडताळून पाहायचा त्यांचा उपायही साधा होता. प्रोसेसरच्या मोठ्या गाभ्यांचा गुणक ५५वरून ५३पर्यंत उतरवा. वेग किंचित कमी केल्यावर कोसळणं थांबलं, तर चोर सापडला.

पुढचं प्रकरण मात्र कूर्मगतीने उलगडलं. आधी बोट मदरबोर्ड बनवणाऱ्यांकडे गेलं. त्यांनी इंटेलची २५३ वॉटची मर्यादा बायोसमध्ये जवळजवळ उठवून टाकली होती, हे खरंच होतं. मग जुलै २०२४मध्ये इंटेलने मान्य केलं की प्रोसेसरच्या आतला मायक्रोकोडच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये ‘०एक्स१२९’ हा मायक्रोकोड आला आणि त्याने १.५५ व्होल्टच्या वरची मागणी रोखली. सप्टेंबरमध्ये ‘०एक्स१२बी’ आला आणि मूळ कारणाची फोडही झाली. जास्त व्होल्टेज आणि उष्णतेमुळे गाभ्यातल्या घड्याळाच्या संकेतमार्गाचा एक भाग अकाली म्हातारा होत होता. नवीन बायोस हा ऱ्हास पुढे होऊ देत नाही, पण झालेला ऱ्हास भरून काढत नाही. एकदा झिजलेला प्रोसेसर बदलूनच घ्यावा लागतो. दरम्यान दीड वर्ष किती लोकांनी निर्दोष ग्राफिक कार्डं विकून टाकली असतील, याचा हिशेब कुणाकडे नाही.

प्रोसेसरच चुकतो ही कल्पना लोकांना पचत नाही, पण इतिहास वेगळं सांगतो. इंटेलने २०००मध्ये १.१३ गिगाहर्ट्‌झचा पेंटियम थ्री बाजारातून मागे घेतला होता. वेगाच्या शर्यतीत तो इतका ताणलेला होता की परीक्षकांच्या हातात तो स्थिर राहीना. २०१६च्या जानेवारीत स्कायलेक प्रोसेसर हँग होण्याचा दोष उघड झाला, तो मूळ संख्या शोधणाऱ्या हौशी गणितप्रेमींच्या प्राइम-९५ या कार्यक्रमामुळे. एका विशिष्ट आकाराच्या आकडेमोडीवर संगणक थिजायचा. इंटेलने दोष मान्य करून बायोसमधून दुरुस्ती दिली.

तरीही सरासरी घरात प्रोसेसरपेक्षा रॅम जास्त वेळा दोषी असते. तीही ‘खराब’ असते असं नाही. डीडीआर-५ रॅमच्या डब्यावर ६००० असा आकडा छापलेला असतो, पण ती स्वतःहून ४८००च्या आसपास चालते. ६००० मिळवायला बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करावं लागतं, आणि तेव्हा तिचं व्होल्टेज १.१वरून बहुधा १.३५पर्यंत जातं. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, डब्यावर कितीही ठळक अक्षरांत छापलेलं असलं तरी. रॅम तो वेग झेलते, पण प्रोसेसरच्या आतला मेमरी कंट्रोलर झेलेलच याची हमी प्रोसेसरची कंपनी देत नाही. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेची अधिकृत मर्यादा दोन रॅमना ५२०० आहे आणि चार लावल्या तर ती ३६००वर येते. ‘दोन होत्या, अजून दोन तशाच आणून लावल्या आणि तेव्हापासून हँग होतो’ ही तक्रार दुकानात आली की उत्तर या एका ओळीत आहे. मेमटेस्ट ८६ किंवा मेमटेस्ट ८६ प्लस पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवावा. इथे सवलत नाही, एक चूक आली तरी नापास. आधी एक्सएमपी बंद करून पाहावं. ते फुकट आहे आणि मिनिटभराचं काम आहे. खोडरबराबद्दलही एक शब्द. कोकण-गोव्याच्या खाऱ्या दमट हवेत पायांवर पुटं चढतात आणि ती पुसल्याने खरोखर फरक पडतो, पण खोडरबर सोन्याचा पातळ मुलामाही थोडा थोडा घासत असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापड बरं.

ग्राफिक कार्डाचं नाव सर्वांत आधी घेतलं जातं, आणि ते नेहमीच निरपराध असतं असंही नाही. सप्टेंबर २०२०मध्ये आरटीएक्स ३०८० आलं आणि पहिल्या आठवड्यातच गेममधून थेट डेस्कटॉपवर फेकले जाण्याच्या तक्रारी सुरू झाल्या. चिपच्या मागच्या बाजूला कोणत्या जातीचे कपॅसिटर लावले आहेत, यावर जगभर पंडितगिरी झाली. महिना संपायच्या आत एनव्हिडियाचा ४५६.५५ हा ड्रायव्हर आला आणि बहुतेकांचा त्रास गेला. पुढच्या वर्षी जुलैत अ‍ॅमेझॉनच्या ‘न्यू वर्ल्ड’ या गेमच्या चाचणी आवृत्तीत काही आरटीएक्स ३०९० कार्डं कायमची मेली. गेमच्या मेनूत चित्रांच्या वेगाला मर्यादा नव्हती, त्यामुळे साध्या मेनूवरही कार्ड जीव तोडून धावत होतं. सगळ्यांनी गेमला दोष दिला. ईव्हीजीए कंपनीने नंतर सांगितलं की तिच्या चोवीस कार्डांवर काही घटकांच्या आसपास डाखकाम कच्चं होतं. चांगलं कार्ड कुठलाही गेम मारू शकत नाही, असं माझं मत आहे. गेमने फक्त कच्चा दुवा उघडा पाडला.

ड्रायव्हरच्या बाबतीत ‘नवीन म्हणजे चांगलं’ हा समज सोडायला हवा. २०२५च्या जानेवारीअखेर आरटीएक्स ५० मालिकेबरोबर आलेल्या ५७२ क्रमांकाच्या ड्रायव्हरांनी काळ्या पडद्याच्या तक्रारी इतक्या वाढवल्या, की जुनी कार्डं असलेले कित्येक जण मागच्या आवृत्तीवर परतले. एप्रिलमध्ये ५७६.०२ आला तेव्हा त्यात दुरुस्त्यांची लांबलचक यादी होती. हँग होणं अपडेटनंतर सुरू झालं असेल, तर सेफ मोडमध्ये डीडीयू या छोट्या कार्यक्रमाने ड्रायव्हर मुळापासून काढावा आणि ज्या आवृत्तीवर सगळं चालत होतं ती परत घालावी. सेकंडहँड कार्ड घेणाऱ्यांनी अजून एक लक्षात ठेवावं. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियम या आभासी चलनाचं खाणकाम बंद झालं आणि त्यावर रात्रंदिवस राबलेली कार्डं जगभरच्या बाजारांत उतरली. अशी सगळीच कार्डं वाईट नसतात, पण पंखे आणि मेमरीवरचे उष्णतावाहक पॅड थकलेले असू शकतात.

आता वीज. इथे आपली परिस्थिती खरोखर वेगळी आहे. कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ मिळणारा एसएमपीएस हा आपल्या बाजाराचा जुना रोग. त्यावर मोठ्या अक्षरांत ४५० वॉट लिहिलेलं असतं, पण पाहायचा असतो तो १२ व्होल्टचा रकाना, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड तिथूनच पोसले जातात. तिथे १६ अँपिअर लिहिलं असेल तर हाती आले १९२ वॉट. कचेऱ्यांतून निघालेले ब्रँडेड डेस्कटॉप स्वस्तात घेऊन त्यात कार्ड घालण्याची पद्धत महाराष्ट्रभर आहे. त्यांचा एसएमपीएस सहसा २४० ते ३०० वॉटचा असतो. मदरबोर्डच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात आणि बाकीचे तारांतून आणावे लागतात, त्यामुळे अशा मशीनमध्ये वेगळी तार न लागणारं छोटं कार्डच शोभतं.

चांगल्या एसएमपीएसचीही गंमत आहे. आरटीएक्स ३०९०चा नेमलेला वीजवापर ३५० वॉट, पण मिलिसेकंदाच्या तुकड्यात तो त्याच्या कितीतरी वर उसळी घेतो. जुन्या घडणीच्या एसएमपीएसला ती उसळी शॉर्टसर्किट वाटते आणि तो बंद पडतो. म्हणूनच २०२२च्या एटीएक्स ३.० या मानकात अट आली की एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरती दुप्पट मागणी झेलली पाहिजे. तपासायचा बिनपैशाचा मार्ग असा: आफ्टरबर्नरसारख्या कार्यक्रमातून कार्डाची वीजमर्यादा ७० टक्क्यांवर आणा, किंवा गेममध्ये चित्रांचा वेग ६०वर बांधा. आता त्रास गेला, तर वीज, उष्णता किंवा कार्ड यांच्यापैकी कुणीतरी आहे. नाही गेला, तर रॅम-प्रोसेसरकडे वळा.

घरातल्या विजेबद्दल मात्र दुकानदार जे विकतो ते बहुतेकदा चुकीचं असतं. आपल्याकडे २३० व्होल्ट दहा टक्के कमी-अधिक अशी मर्यादा आहे. चांगल्या एसएमपीएसवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणजे गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज १८०वर आलं तरी तो कुरकुर करत नाही. स्टॅबिलायझर त्याला लागत नाही. त्याला मारक असतो तो क्षणभराचा खंड. तसा खंड तो साधारण १६-१७ मिलिसेकंदच झेलतो. घरगुती इन्व्हर्टर ‘यूपीएस’ मोडवर नसेल तर बदलायला त्याहून जास्त वेळ घेतो आणि पीसी रीस्टार्ट होतो. मोडचा स्विच बदला, एवढाच उपाय. आणि कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येत असतील, तर अर्थिंग नाही हे नक्की. त्याने हँग होईलच असं नाही, पण हेडफोनमधली घरघर आणि यूएसबीचं मध्येच तुटणं त्यातून येतं, आणि हा जिवाशी खेळ आहे. इलेक्ट्रिशियनला बोलवा, संगणकवाल्याला नंतर.

उष्णतेबद्दल थोडक्यात. हवेने थंड होणाऱ्या पीसीत खोली दहा अंशांनी तापली की आतले भागही जवळपास तेवढेच तापतात, त्यामुळे मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्यात जानेवारीत निर्धास्त चालणारं मशीन काठावर येतं. पण आजचे प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोहोचले की स्वतःच वेग कमी करतात. त्यामुळे गेम मंदावतो, थिजत नाही. म्हणून प्रोसेसरचं तापमान ९० दिसलं की सगळा दोष त्याच्यावर टाकणं घाईचं ठरतं. थिजवणारे भाग बरेचदा नजरेआडचे असतात: ग्राफिक कार्डाच्या पोटाखाली बसवलेला एसएसडी, कार्डाच्या गरम उच्छ्वासात असलेली रॅम. धूळ ब्लोअरने काढा, पण पंखा बोटाने धरून, नाहीतर तो उलटा गरगरून जातो. लॅपटॉप गादीवर ठेवून खेळणाऱ्यांना मी काही सांगणार नाही, त्यांना कारण माहीत आहे.

सॉफ्टवेअरचा वाटा शेवटी घेतला, म्हणून तो छोटा नाही. उलट, तपासाची सुरुवात इथून करावी: हा त्रास जगाला होतोय की फक्त मला? ‘बॅटमॅन: अर्खम नाइट’ २०१५च्या जूनमध्ये पीसीवर इतक्या वाईट अवस्थेत आला, की प्रकाशक वॉर्नरने विक्रीच थांबवली आणि तो ऑक्टोबरअखेर परत आला. तेव्हा ज्यांनी स्वतःचा पीसी उघडून बसण्यात वेळ घालवला, त्यांचा तो वाया गेला. ‘एल्डन रिंग’ २०२२मध्ये भल्याभल्या मशीनवर अडखळायचा. अशा अडखळण्याचं नेहमीचं कारण शेडर. ग्राफिक कार्डावर चालणारे हे छोटे कार्यक्रम तुमच्या कार्डाला आणि ड्रायव्हरला अनुसरून तुमच्याच मशीनवर घडवावे लागतात. प्लेस्टेशनचं हार्डवेअर एकच असल्याने तिथे ते आधीच घडवून पाठवता येतात. ड्रायव्हर बदलला की साठवलेले शेडर बाद होतात, म्हणून अपडेटनंतरचा पहिला सामना अडखळतो आणि मग सुरळीत होतो. त्यावर कुणाला पैसे देऊ नयेत. गेम सुरुवातीला ‘शेडर तयार होत आहेत’ म्हणतो तेव्हा त्याला ते करू द्यावं.

विंडोजचं योगदानही मोठं. विंडोज ११ ने टीपीएम या सुरक्षेच्या घटकाची सक्ती केली आणि कित्येक रायझन मशीनमध्ये लोकांनी बायोसमधून ते चालू केलं. मग गेममध्ये मधूनच सेकंदभराचा झटका बसायला लागला. एएमडीने मार्च २०२२मध्ये कबुली दिली की टीपीएमचा व्यवहार मदरबोर्डवरच्या फ्लॅश चिपशी लांबत होता. मे महिन्यापासून नवीन बायोस आले. २०२४च्या शेवटी विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीवर ‘असॅसिन्स क्रीड’ मालिकेतले काही गेम आणि ‘स्टार वॉर्स आउटलॉज’ थिजायला लागले. मायक्रोसॉफ्टने अशा संगणकांसाठी अपडेटच रोखून धरलं. त्याच आवृत्तीत ऑटो एचडीआरमुळेही गेम अडकत होते. शिवाय चीटिंग रोखणारे कार्यक्रम विंडोजच्या गाभ्यात बसतात, आणि रॅमवरचे रंगीत दिवे नाचवणारे कार्यक्रमही खोल पातळीवर हात घालतात. दिव्यांच्या कार्यक्रमाला तपासापुरतं काढून टाकावं. कुणाचं फार नुकसान होत नाही, शोभा तेवढी कमी होते.

आणि काही वेळा बिघाड नसतोच, ऐपत नसते. आठ गिगाबाइट रॅममध्ये क्रोमचे वीस टॅब उघडे ठेवून आजचा गेम चालवला की विंडोज रॅममधलं सामान डिस्कवर हलवायला लागतं, आणि ती डिस्क जुनी फिरणारी असेल तर दहा-दहा सेकंद सगळं थांबतं. याला उपाय रॅम आणि एसएसडी. पेजफाइल बंद करा, हा यूट्यूबवर मिळणारा सल्ला तर उलटा आहे. त्याने गेम थेट कोसळतो.

मग क्रम काय धरावा? त्रास फक्त आपल्यालाच आहे याची खात्री झाली की आधी तऱ्हा ओळखा आणि नोंदी पाहा. मग बायोस मूळ सेटिंगवर न्या. एक्सएमपी, ओव्हरक्लॉक आणि अंडरव्होल्ट सगळं काढा. बायोस जुनं असेल तर अपडेट करा, पण विजेचा भरवसा असलेल्या वेळी. ड्रायव्हर स्वच्छ करून घाला. चित्रांचा वेग बांधून पाहा. एकच रॅम ठेवून खेळा, मग दुसरी. यानंतर मित्राचा एसएमपीएस उसना आणा, आणि त्याहीनंतर कार्ड दुसऱ्या मशीनमध्ये लावून पाहा. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत लिहून. दोन गोष्टी एकदम बदलून त्रास गेला, तर कारण कळलेलंच नसतं आणि तो परत येतो. फॉरमॅटची पाळी या यादीत फार खाली येते. विंडोज फॉरमॅट मारूनही त्रास राहिला, तर तो हार्डवेअरचा आहे एवढं कळतं. पण हीच गोष्ट नम लॉकचा दिवा पाच सेकंदांत सुचवतो.

लॅमिंग्टन रोडवर असो की तालुक्याच्या गावी, दुरुस्ती करणाऱ्याकडे जाताना ही वही बरोबर न्या. ‘हँग होतो’ असं सांगितलं तर तो फॉरमॅट मारेल. ‘एक्सएमपी बंद करूनही थिजतो, नम लॉक मरतो, व्हीया १८ची नोंद आहे’ असं सांगितलं तर तो प्रोसेसर तपासेल. वॉरंटीच्या दाव्यालाही हीच वही उपयोगी पडते.

वॉरंटीचा विषय निघालाच आहे, तर इंटेलने त्या दोन पिढ्यांतल्या बाधित बॉक्स पॅक प्रोसेसरची वॉरंटी तीनवरून पाच वर्षं केली आहे. तयार ब्रँडेड मशीनमधला प्रोसेसर असेल तर त्या मशीनच्या कंपनीकडे जावं लागतं. २०२३च्या दिवाळीत घेतलेला आय-९ १४९००के २०२८च्या दिवाळीपर्यंत बदलून मिळू शकतो. आधी बायोस अपडेट करा आणि बिल शोधून ठेवा.